‘हा नसता तर?’ : परिसंस्थेतली नाती ओळखायची कशी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीच्या पहिल्या वर्षाला परिसंस्था शिकताना अन्नसाखळी, १० टक्क्यांचा नियम, सहजीवन, परजीवन, स्पर्धा या सगळ्यांच्या व्याख्या पाठ झाल्या आहेत. पण खरं उदाहरण समोर आलं की ते कुठल्या रकान्यात टाकायचं ते कळत नाही. आणि एक जात नाहीशी झाली तर सगळी परिसंस्था कोसळते, हे कितपत खरं?

व्याख्या पाठ असूनही उदाहरण अडतं, यात दोष तुमच्यापेक्षा त्या तक्त्याचा जास्त आहे. फायदा म्हणजे अधिक, तोटा म्हणजे उणे; अधिक-अधिक म्हणजे सहजीवन, अधिक-उणे म्हणजे भक्षण किंवा परजीवन, उणे-उणे म्हणजे स्पर्धा, हा तक्ता सुरुवातीला कामाचा आहे. पण तो वाचून असं वाटायला लागतं की ही चिन्हं दोन जातींच्या कपाळावर कायमची लिहिलेली आहेत. तसं नसतं. तीच जोडी जागा बदलली, तिसरा प्राणी आला किंवा गेला, की चिन्ह बदलते. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना एकच सवय लावायला सांगतो: कुठलंही नातं समोर आलं की विचारा, ‘यातला एक जण इथे नसता तर दुसऱ्याचं काय झालं असतं?’ परिसंस्थांबद्दल आपल्याला जे खात्रीने माहीत आहे, त्यातलं बरंचसं कुणीतरी कुणाला तरी बाजूला काढून बघितलं म्हणून माहीत आहे.

आधी पाया उरकून घेऊ. एका जागी राहणारे एकाच जातीचे जीव म्हणजे जीवसंख्या. तिथल्या सगळ्या जातींच्या जीवसंख्या मिळून जीवसमुदाय. त्यात माती, पाणी, हवा, ऊन, तापमान हे निर्जीव घटक धरले की परिसंस्था. परिसंस्था ही संकल्पना १९३५ साली ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी मांडली. जीव आणि त्यांचा भौतिक परिसर वेगळे काढून अभ्यासता येत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. परिसंस्थेची हद्द कुठे, हा प्रश्न नेहमी येतो. हद्द अभ्यासणारा आखतो, त्याच्या प्रश्नाच्या सोयीने. कुजणारा ओंडका ही परिसंस्था आहे आणि तो ज्या जंगलात पडलाय ते जंगलही. तळ्याला काठ असतो म्हणून ते बंदिस्त वाटतं, पण काठावरची पानं त्यात पडतात, आणि बेडकाचं पिल्लू शेपूट अंगात जिरवून बाहेर पडतं तेव्हा तळ्यातल्या शेवाळातलं नायट्रोजन चार पायांवर चालत जमिनीवर येतं.

ऊर्जा आणि पदार्थ यांतला फरक मात्र पक्का डोक्यात असू द्या. पदार्थ फिरतो, ऊर्जा फिरत नाही. ती सूर्याकडून येते, अन्नातून पुढे जाते आणि प्रत्येक पायरीवर उष्णता होऊन निसटते. हा हिशोब नीट मांडला तो रेमंड लिंडमन यांनी, अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या सीडर बॉग लेक नावाच्या लहानशा तळ्याच्या अभ्यासातून. त्यांचा निबंध १९४२ मध्ये छापून आला तेव्हा ते हयात नव्हते; वयाची २७ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

एका पायरीवरची साधारण दहावा भाग ऊर्जाच पुढच्या पायरीला मिळते, हा १० टक्क्यांचा नियम त्याच वाटेने आला, आणि तो नियमापेक्षा ढोबळ सरासरी आहे. आकडा साधारण ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान हलतो. का हलतो हे एका अळीवरून बघा. अळीने पानातली शंभर एकक ऊर्जा खाल्ली, तर साधारण निम्मी न पचता विष्ठेतून बाहेर पडते. उरलेल्यातली बरीचशी श्वसनात, म्हणजे हालचाल करण्यात आणि जिवंत राहण्यात खर्च होते. अंगी लागते ती सुमारे सहावा भाग. पुढच्या भक्षकाला मिळतो तो इतकाच भाग, आणि तोही त्याने सगळ्या अळ्या पकडल्या तर. आता अळीच्या जागी उंदीर ठेवा. उंदीर उष्ण रक्ताचा, त्याला शरीर सतत तापवत ठेवावं लागतं. सस्तन प्राणी आणि पक्षी पचवलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम १ ते ३ टक्के वाढीला आणि पिल्लांना देऊ शकतात. साखळ्या चार-पाच कड्यांच्या पुढे क्वचितच का जातात, याचं मोठं कारण या गळतीत आहे.

अन्नसाखळीच्या पायऱ्या एकावर एक रचून काढलेला ऊर्जेचा पिरॅमिड कधीच उलटा होऊ शकत नाही. वस्तुमानाचा होऊ शकतो, आणि परीक्षेत इथे हमखास घोळ होतो. समुद्राच्या काही भागांत एखाद्या क्षणी पाणी गाळून वजन केलं तर वनस्पतिप्लवकांपेक्षा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म हिरव्या जीवांपेक्षा, त्यांना खाणारे प्राणिप्लवक जास्त भरतात. कारण वनस्पतिप्लवक दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात. वजन केलं त्या क्षणी हाताशी थोडे असतात, वर्षभराचं उत्पादन प्रचंड असतं. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणातलं जवळपास निम्मं समुद्रात होतं, तेही बहुतांश या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांमुळे.

पुस्तकातली गवत-टोळ-बेडूक-साप-ससाणा ही साखळी आणखी एक गोष्ट लपवते. जमिनीवर, विशेषतः जंगलात, वनस्पतींनी बनवलेल्या पदार्थापैकी बहुतेक भाग कुणी जिवंतपणी खातच नाही. तो गळतो, वाळतो, पडतो आणि बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडुळं यांच्या वाट्याला जातो. विघटकांना आकृतीच्या कोपऱ्यात बाण काढून बसवतात; खरं तर जंगलातली मुख्य वाहतूक त्यांच्याकडूनच जाते. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन पूर्णपणे मोडू शकणारे जीव फारच थोडे, आणि त्यात काही विशिष्ट बुरश्या आघाडीवर. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही तो झाडाला थेट घेता येत नाही, त्यासाठी शेंगवर्गीय वनस्पतींच्या मुळांवरच्या गाठींतल्या रायझोबियमसारखे जिवाणू लागतात, हे तुम्हाला माहीत असेलच, म्हणून पुढे जातो.

आता नाती. स्पर्धेपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात कमी दिसते.

१९३० च्या दशकात मॉस्कोमध्ये गेऑर्गी गाउस यांनी पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या जाती काचनळ्यांत वाढवल्या. ऑरेलिया आणि कॉडेटम वेगवेगळ्या ठेवल्या तर दोन्ही छान वाढत. एकत्र ठेवल्या की ऑरेलिया टिके, कॉडेटम संपे. यावरून स्पर्धेतून वगळलं जाण्याचं तत्त्व आलं: अगदी एकाच साधनावर, अगदी एकाच पद्धतीने जगणाऱ्या दोन जाती एका जागी कायम टिकत नाहीत. बहुतेक जण इथे थांबतात. पण गाउस यांनी कॉडेटमबरोबर बर्सारिया ही तिसरी जात ठेवली तेव्हा दोन्ही टिकल्या. एक वरच्या पाण्यातले जिवाणू खात होती, दुसरी तळाशी बसलेलं यीस्ट. तळाशी प्राणवायू कमी असतो, पण बर्सारियाच्या पेशीत हिरवं शेवाळ राहतं आणि ते तिला प्राणवायू पुरवतं. म्हणजे स्पर्धेतून सुटायला तिला सहजीवन कामी आलं. एकाच काचनळीत तक्त्याचे दोन रकाने!

जीव कुठे राहतो तो अधिवास; तो तिथे कसा जगतो, काय खातो, किती तापमान सोसतो, कधी बाहेर पडतो, हे सगळं मिळून त्याचं निश. एखाद्या जातीला जगता येईल अशी जागा आणि ती प्रत्यक्षात जगते ती जागा यांत फरक असतो. तो सर्वात स्वच्छ दाखवला जोसेफ कॉनेल यांनी. स्कॉटलंडमधल्या कंब्रे बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन जाती आहेत. बार्नेकल म्हणजे खडकाला चिकटून राहणारे, छोट्या शंकूसारख्या कवचातले प्राणी. भरतीच्या वरच्या पट्ट्यात थॅमलस, खालच्या पट्ट्यात बॅलनस. नुसतं बघणारा म्हणेल, एकीला वरचं आवडतं, दुसरीला खालचं. भांडणाचा प्रश्नच नाही. कॉनेल यांनी काही ठिकाणचे बॅलनस खरवडून काढले. थॅमलस खालच्या पट्ट्यातही मजेत जगली. तिला तिथे राहू न देणारी बॅलनसच होती: ती वेगाने वाढते, शेजारणीच्या कवचाखाली शिरून तिला उचकटते, वरून चढते किंवा बाजूने दाबून चिरडते. उलट, वरचे थॅमलस काढले तरी बॅलनस वर चढू शकली नाही, कारण ओहोटीतला कोरडेपणा तिला सोसत नाही. हा अभ्यास १९६१ चा. एकाच खडकावर वरची सीमा हवामानाने आखलेली आणि खालची शेजाऱ्याने. दोन जाती शांतपणे वेगवेगळ्या जागी दिसल्या की स्पर्धा नाही असं लिहून टाकू नका. कधी कधी ती होऊन गेलेली असते आणि आपण निकाल बघत असतो.

भक्षणाकडे वळू. लिंक्स हे रानमांजर आणि त्याचं भक्ष्य स्नोशू ससा यांचा आलेख तुम्ही पाहिलाच असेल. कॅनडातल्या हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या जुन्या नोंदींवरून काढलेला, साधारण दर दहा वर्षांनी चढणारा-उतरणारा. ससे वाढले, लिंक्स वाढले, लिंक्सनी ससे संपवले, मग उपासमारीने लिंक्स घटले. एवढं सरळ असतं तर आणखी काय हवं होतं! कॅनडातल्याच युकॉनमधल्या क्लुएन भागात संशोधकांनी जंगलाचे मोठाले तुकडे घेऊन प्रयोग केला: काही ठिकाणी सशांना जादा अन्न, काही ठिकाणी विजेचं कुंपण घालून लिंक्स-कोयोटींना मज्जाव, काही ठिकाणी दोन्ही. १९९५ मध्ये आलेला निकाल असा: भक्षक अडवले तर सशांची घनता सुमारे दुप्पट, अन्न दिलं तर तिप्पट, आणि दोन्ही एकदम केलं तर ११ पट. दोनाला तिनाने गुणलं तरी सहा होतात, इथे अकरा. म्हणजे अन्न आणि भक्षक यांचे परिणाम सुटे नाहीत. भुकेला ससा धोका पत्करून उघड्यावर चरतो आणि सापडतो. पोट भरलेला दडून राहू शकतो.

शिवाय भक्षक न मारताही परिणाम करतो. कॅनडातच एका प्रयोगात चिमण्यांसारख्या छोट्या पक्ष्यांची घरटी कुंपणं आणि जाळ्यांनी सुरक्षित केली आणि आसपास ध्वनिक्षेपकावरून काही ठिकाणी भक्षकांचे आवाज ऐकवले, काही ठिकाणी निरुपद्रवी प्राण्यांचे. कुणीही कुणाला खाल्लं नाही. तरी भक्षकांचे आवाज ऐकणाऱ्या जोड्यांची वर्षभरात पिल्लं ४० टक्के कमी झाली: अंडी कमी घातली, अंड्यांवर कमी वेळ बसले, पिल्लांना भरवायला कमी फेऱ्या मारल्या. २०११ चा हा अभ्यास. अन्नसाखळीतला बाण फक्त खाल्लं गेलेलं मांस मोजतो, ही भीती त्यात कुठेच येत नाही.

आणि आता ज्या नात्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, ते सहजीवन. पूर्व आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात बाभळीच्या कुळातलं एक झाड आहे, व्हिसलिंग थॉर्न. त्याच्या काही काट्यांचा बुडखा फुगून पोकळ गाठ होते. मुंग्या तिला भोक पाडून आत राहतात, आणि वारा आला की या भोकांतून शिट्टी वाजते, म्हणून हे नाव. झाड मुंग्यांना घर देतं आणि पानांच्या देठांजवळ मधुरसही पाझरवतं. बदल्यात हत्ती किंवा जिराफाने फांदीला तोंड लावलं की मुंग्या तुटून पडतात. सहजीवनाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण.

केनियात १९९५ पासून काही भागांना कुंपण घालून मोठे शाकाहारी प्राणी बाहेर ठेवले होते. झाडांना आता कुणी ओरबाडणार नाही, तर ती भरभराटीला यावीत. दहा वर्षांनी झाडं उलट वाईट अवस्थेत दिसली. कारण झाडाने पहारेकऱ्यांचा पगार कापला होता: फुगलेले काटे कमी, मधुरस कमी. त्यामुळे मिमोसे नावाच्या लढाऊ मुंग्यांची संख्या रोडावली, आणि ज्या उरल्या त्या पोटासाठी झाडाचा रस शोषणाऱ्या खवले किडी पाळू लागल्या. मिमोसेची जागा शोस्टेटी ही दुसरी मुंगी घेऊ लागली. तिला फुगलेल्या काट्यांची गरज नाही. ती खोडात भुंगेऱ्याच्या अळ्यांनी पोखरलेल्या बोगद्यांत राहते, म्हणून त्या अळ्यांना आडकाठी करत नाही. पोखरलेली झाडं हळू वाढली आणि जास्त मेली. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. आता सांगा, जिराफ आणि या झाडाचं नातं काय? जिराफ पाला खातो म्हणजे अधिक-उणे. पण जिराफासारखे मोठे प्राणी नसतील तर झाडाची अवस्था बिघडते.

याच झाडावर निग्रिसेप्स ही तिसरी मुंगी असते. ती पानांच्या बेचक्यातले डोळे आणि कळ्या कुरतडून टाकते, इतकी की झाडाला फुलंच येत नाहीत. सरळ परजीवी म्हणाल. पण ती रक्षण कडक करते आणि अशा झाडाचं कोवळ्या वयात मरणाचं प्रमाण कमी होतं. झाडाचं आयुष्य लांब. त्यात वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या मुंग्या नांदतात. आयुष्यभराचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की या कुरतडणाऱ्या मुंगीचा एक काळ वाट्याला आला तर झाडाची एकूण संततीही वाढू शकते. मोजायला एक वर्ष घ्यायचं की झाडाचं अख्खं आयुष्य, यावर चिन्ह ठरलं.

त्याच भागात नंतर मोठ्या डोक्याची एक परकी मुंगी शिरली. तिने झाडांवरच्या मुंग्या मारल्या, स्वतः राखण मात्र केली नाही. हत्तींनी झाडं मोडून टाकली, रान उघडं पडलं, आणि आडोशाने झेब्र्यावर झडप घालणाऱ्या सिंहांची पंचाईत झाली. २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार, सिंहांच्या शिकारीत झेब्र्यांचं प्रमाण २००३ मधल्या ६७ टक्क्यांवरून २०२० मध्ये ४२ टक्क्यांवर आलं आणि ते रानम्हशींकडे वळले. मुंगी आणि सिंह एकमेकांना कधी भेटत नाहीत. अशा नात्याला तक्त्यात रकानाच नाही. याला अप्रत्यक्ष परिणाम म्हणतात, आणि परिसंस्था समजायला अवघड जाते ती यांच्यामुळेच.

सिंहांची संख्या मात्र घटली नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येताना हे लक्षात ठेवा. एक जात गेली की सगळं कोसळतं, हे विधान सरसकट केलं तर चूक आहे. बऱ्याच जातींच्या जागी दुसरं कुणी निम्मंशिम्मं काम भागवून नेतं. काही थोड्या जाती मात्र अशा असतात की संख्येच्या मानाने त्यांचा प्रभाव फार मोठा असतो. रॉबर्ट पेन या संशोधकांनी १९६३ पासून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एका पट्ट्यातले पिसॅस्टर तारामासे उचलून समुद्रात फेकून द्यायला सुरुवात केली. तारामासे मसल नावाचे शिंपले खातात. ते गेल्यावर शिंपल्यांनी खडक व्यापत नेला आणि तिथल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. या प्रकाराला त्यांनी १९६९ मध्ये कीस्टोन जात हे नाव दिलं. गंमत बघा, भक्षक काढल्यावर जीव वाढायला हवेत. इथे जाती कमी झाल्या, कारण तारामासा सर्वात जोरकस स्पर्धकालाच आवरून धरत होता. अलास्काच्या बेटांजवळ हेच पाणमांजरांबाबत दिसलं: पाणमांजर असेल तिथे सी अर्चिन हे काटेरी, केल्प खाणारे प्राणी कमी आणि केल्प या मोठ्या समुद्री शेवाळाची दाट जंगलं, नसेल तिथे अर्चिनांनी भुंडा केलेला तळ. पुढे १९९० च्या दशकात ओर्कांनी, म्हणजे किलर व्हेल माशांसारख्या दिसणाऱ्या शिकारी सागरी सस्तन प्राण्यांनी, पाणमांजरं खायला सुरुवात केल्यावर काही बेटांजवळचं केल्प पुन्हा गेलं.

कीस्टोन जात परत आणली की सगळं जागेवर येतं, हा याच्या पुढचा समज, आणि त्याबाबत सावध राहा. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९२६ च्या सुमारास लांडगे संपवले गेले होते. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून सोडले. लांडग्यांनी एल्क हरणं कमी केली, विलोची झाडं उंच झाली, नद्यासुद्धा बदलल्या, अशी गोष्ट सगळीकडे फिरते. एल्क घटली हे खरं, पण त्यात अस्वलं, प्यूमा आणि उद्यानाबाहेरची माणसांची शिकार यांचाही वाटा होता. विलोचं काय झालं हे बघायला २००१ पासून ओढ्यांकाठी प्रयोग चालवला गेला: काही झाडांना एल्कपासून वाचवायला कुंपण, काही ठिकाणी पाणी अडवायला कृत्रिम बांध, काही ठिकाणी दोन्ही. जिथे दोन्ही होतं तिथे विलो चांगली वाढली. नुसत्या कुंपणाने ती तेवढी वाढली नाही. लांडगे नसलेल्या काळात एल्कनी विलो फस्त केली होती, विलोवर जगणारे आणि तिच्या फांद्यांनी ओढ्यांवर बांध घालणारे बीव्हर हे प्राणी निघून गेले होते, त्यांचे बांध वाहून गेले होते, ओढे खोल कापले जाऊन भूजल खाली उतरलं होतं. लांडगे परत आले तरी पाण्याची पातळी वर येण्यासाठी आधी बीव्हर यायला हवेत, आणि बीव्हरला बांध घालायला उंच विलो लागते.